प्रलंबित माणसांचा प्रवास

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रत्यक्ष उड्डाणे सुरू झाली. उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला, गावे उठली, आणि सी. बी. डी. बेलापूरच्या मध्यमवर्गाला विमान घराच्या दाराशी आल्याचा आनंद झाला. (ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांपैकी अनेकांनी साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी याच बेलापूरच्या सिडको भवनात किती वर्षे फेऱ्या मारल्या, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु ‘अर्ज प्रलंबित’ या दोन शब्दांचा अर्थ आगरी-कोळ्यांइतका दुसऱ्या कोणाला कळला असेल असे वाटत नाही.) विमानतळाच्या गप्पांत येथील सोसायट्यांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. मुलगा अमेरिकेत आहे, सुनेचा व त्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज पडून आहे; अशा स्थितीत त्यांनी त्या देशातल्या देशात, एका शहरातून दुसऱ्या शहरात विमानाने जावे की जाऊ नये?

कायद्याचे उत्तर सोपे आहे. जावे. अर्ज प्रलंबित असताना अमेरिकेबाहेर जायचे असेल तर बहुतेक अर्जदारांना आगाऊ परवानगी घ्यावी लागते. ती न घेता देश सोडला तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. एच-१ बी व एल-१ या व्हिसांवरील माणसांना तेवढी सूट आहे. देशांतर्गत प्रवासाला मात्र अशी कोणतीही परवानगी लागत नाही. भारताचा चालू पासपोर्ट दाखवला की सुरक्षा तपासणी पार पडते. मग इतक्या सुशिक्षित, इतक्या कायदेशीर माणसांना हा प्रश्न पडतोच का? ज्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात एका शब्दात आहे तो प्रश्न हजारो घरांत दबक्या आवाजात विचारला जातो, तेव्हा उत्तर कायद्याच्या पुस्तकाबाहेर शोधावे लागते.

प्रथम कागदपत्रांकडे पाहू. २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने २००५ मध्ये ‘रियल आयडी’ कायदा केला. अनेक घटकराज्यांनी त्याला विरोध केला, मुदती पुढे ढकलल्या गेल्या आणि अखेर ७ मे २०२५ पासून विमानतळांवर त्याची अंमलबजावणी सुरू झाली. तेव्हापासून देशांतर्गत विमानात बसण्यासाठी या कायद्याच्या कसोटीला उतरणारा वाहन परवाना, अथवा पासपोर्टासारखे मान्य ओळखपत्र लागते. १ फेब्रुवारी २०२६ पासून असे काहीही जवळ नसणाऱ्या प्रवाशाकडून ओळख पटवण्यासाठी ४५ डॉलर आकारण्यास आरंभ झाला आहे. आपली ओळख पटवून देण्याचेही शुल्क असावे, ही कल्पना बाजारपेठेच्या देशालाच सुचू शकते! याच कायद्यात प्रलंबित अर्जदारांसाठी एक तरतूद आहे. ज्याचा कायम वास्तव्याचा अर्ज निकालात निघालेला नाही त्याला केवळ तात्पुरता परवाना मिळतो. त्याची मुदत त्याच्या अधिकृत वास्तव्याइतकीच आणि वास्तव्याची मुदत निश्चित नसेल तर एक वर्ष. म्हणजे वाहन चालवण्याचे कौशल्य वर्षभरात नाहीसे होत नसले तरी ते चालवण्याचा परवाना मात्र दर वर्षी नाहीसा होऊ शकतो.

कामाच्या परवान्याचीही गत तीच. प्रलंबित अर्जदारांना दिला जाणारा हा परवाना सप्टेंबर २०२३ पासून पाच वर्षांपर्यंत मिळत होता. डिसेंबर २०२५ मध्ये ती मुदत अठरा महिन्यांवर आणण्यात आली. त्याआधी, ३० ऑक्टोबर २०२५ पासून, नूतनीकरणाचा अर्ज केला की जुना परवाना आपोआप ५४० दिवस चालू धरण्याची सवलत काढून घेण्यात आली. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात. परवाने पूर्वीपेक्षा लवकर संपणार, नूतनीकरणाचे अर्ज त्यामुळे वाढणार, कचेऱ्यांतील ढीग उंचावणार आणि विलंब सरकारचा असला तरी काम बंद ठेवावे लागणार ते कामगाराला. कामाचा परवाना संपला की वास्तव्याच्या मुदतीशी जोडलेला वाहन परवाना अडचणीत येतो. पासपोर्ट नूतनीकरणासाठी वकिलातीत गेलेला असेल तर विमानतळावर दाखवायला हाती काही उरत नाही. कोणीही ‘तुला प्रवासबंदी आहे’ असे म्हटलेले नसते. तरीही माणूस घरी बसतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने असे उघडकीस आणले की विमानतळांची सुरक्षा पाहणारे खाते प्रवाशांच्या नावांच्या याद्या स्थलांतरितांची धरपकड करणाऱ्या यंत्रणेला आठवड्यातून अनेकदा पुरवीत आहे. विमानतळावरची तपासणी लोकांनी स्वीकारली ती शस्त्र वा स्फोटक विमानात जाऊ नये म्हणून. आता त्याच रांगेचा उपयोग माणसे पकडण्याच्या जाळ्यासारखा होऊ लागला. २० नोव्हेंबर २०२५ रोजी बॉस्टनच्या विमानतळावर एकोणीस वर्षांच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला सणासाठी टेक्सासमध्ये आईवडिलांकडे जाताना अटक झाली. बालपणी होंडुरासमधून आणलेल्या या मुलीविरुद्ध हद्दपारीचा जुना आदेश होता. तिला देशाबाहेर नेऊ नये असे न्यायालयाने बजावले असतानाही दोन दिवसांत तिची रवानगी झाली. तिचे प्रकरण आणि ग्रीन कार्डाच्या रांगेतील अभियंत्याचे प्रकरण कायद्याच्या दृष्टीने एक नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु यादी तयार होते तेव्हा ती सर्वांचीच होते. यादीतील कोणते नाव उद्या कोणत्या रकान्यात जाईल हे ठरवण्याचा अधिकार यादी करणाऱ्याकडे असतो, ज्याचे नाव आहे त्याच्याकडे नव्हे. बेलापूरच्या घरांतून जो प्रश्न विचारला जातो त्याचे मूळ येथे आहे.

ही माणसे प्रलंबित राहतात तरी किती काळ? अमेरिकेत नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० जणांना कायम वास्तव्य देण्याची तरतूद १९९० च्या कायद्याने केली. त्या आकड्यात कामगाराची पत्नी व मुलेही मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणतः सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही. आइसलँडला आणि भारताला समान मर्यादा! परिणाम असा की २०२५ संपत असताना उच्च पदवीधरांच्या वर्गात २०१३ साली रांगेत लागलेल्या भारतीयांचा क्रमांक चालू होता. ऑक्टोबर २०२० मध्ये तारखा एकदम पुढे सरकल्या, हजारो भारतीय कुटुंबांनी अंतिम अर्ज दाखल केले आणि लगोलग तारखा मागे गेल्या. त्यांतील अनेक अर्ज त्यानंतर वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले. तिसरीतले मूल महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर आले तरी घराच्या कपाळावरचा ‘प्रलंबित’ हा शिक्का पुसला जात नाही. आणि मूल एकवीस वर्षांचे झाले की आईबापांच्या अर्जातून त्याचे नाव गळण्याची टांगती तलवार वेगळीच.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबले पाहिजे. एवढी प्रचंड रांग ही प्रशासनाची ढिलाई आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल. तीस वर्षांहून अधिक काळ जी ढिलाई टिकते, तिचा कोणाला तरी लाभ होत असतो. ज्याचा अर्ज मालकाने केलेला आहे तो कामगार मालकाशी घासाघीस करू शकत नाही, संघटनेत जाण्यास धजत नाही, पगारवाढ नाकारली तरी राजीनामा लिहीत नाही. २००० साली झालेल्या कायद्याने अंतिम अर्ज १८० दिवस प्रलंबित राहिल्यानंतर तशाच स्वरूपाच्या कामासाठी दुसरीकडे जाण्याची मुभा दिली. म्हणजे अंतिम अर्जाच्या पायरीपर्यंत न पोहोचलेल्यांना तीही नाही. श्रमाचा बाजार मुक्त असतो असे पाठ्यपुस्तकात आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. त्यातील मुख्य गृहीतक श्रमिकाच्या गतिशीलतेचे आहे: जेथे मजुरी अधिक, तेथे तो जाईल. येथे तर मुलाखतीसाठी दुसऱ्या शहराचे विमान पकडावे की नाही, याचाच तो विचार करीत बसतो. भांडवलाला सीमा ओलांडायला क्षण लागतो. माणसाला त्याच देशातील दुसरे शहर दूर होते. प्रलंबित अर्ज हा मजुरीचा दर खाली ठेवण्याचा एक मार्ग आहे आणि देशांतर्गत प्रवासाची भीती ही त्या मार्गावरची एक चौकी आहे.

आमचे काही सहकारी विचारतील की लाखांनी डॉलर मिळवणाऱ्या या वर्गाची चिंता समाजवादी पक्षाच्या पत्राने का वाहावी? प्रश्न रास्त आहे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला आणून उतरवले. त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते. तेव्हा याच मध्यमवर्गीय दिवाणखान्यांतून ‘ते बेकायदेशीर गेले होते, आमची मुले रीतसर गेली आहेत’ असा निर्वाळा ऐकू आला. त्याच वर्षी सप्टेंबरात नव्या एच-१ बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क बसवणारी घोषणा निघाली, तेव्हा दिवाणखान्यांचा सूर बदलला. रीतसर आणि बेरीतसर यांच्यातील भिंत वाटते तितकी जाड नाही. सरकार ती एका परिपत्रकाने सरकवू शकते. हे या वर्गाला कळू लागले असेल तर त्याला टोमणे मारण्यात वेळ न घालवता त्याच्याशी बोलले पाहिजे. आणि बोलायचे ते अमेरिकेविषयीच नव्हे.

कारण हीच वागणूक आपण आपल्या देशात देतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले. त्या लोकांना भारतीय होण्यासाठी किती थांबावे लागले? संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना थेट नागरिक मानले. त्यानंतर आलेल्यांनी सहा महिने वास्तव्य करून अधिकाऱ्यापुढे नोंदणी केली की काम झाले. खजिना रिता, शहरे निर्वासितांनी भरलेली, दंगलींच्या जखमा ओल्या, अशा काळात राज्यकर्त्यांना ही उदारता परवडली. आज त्याच उल्हासनगरात व नागपूरच्या जरीपटक्यात पाकिस्तानातून नंतर आलेली सिंधी कुटुंबे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षे नागरिकत्वाची वाट पाहत राहिलेली आढळतात. २०१६ मध्ये केंद्र सरकारने शेजारी देशांतील अल्पसंख्याकांना काही सवलती जाहीर केल्या: बँकेत खाते, राहण्यापुरते एक घर, वाहन परवाना. आणि संचाराची मुभा. तीही ज्या राज्यात राहतो त्या राज्यापुरती. म्हणजे नागपूरचा असा रहिवासी आठशे किलोमीटरवरच्या मुंबईला विमानाने येऊ शकतो. शेजारच्या छिंदवाड्याला बहिणीच्या मुलाच्या लग्नाला जायचे तर मात्र परवानगीचा प्रश्न उभा राहतो, कारण मध्ये मध्य प्रदेशाची सीमा आहे. सवलत म्हणून जे दिले, त्याच्या शब्दांतच मूळ बंधन किती घट्ट होते ते दिसून येते.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने ही वाट सुकर केली असे सांगितले जाते. ती केली ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी, तीन देशांतील सहा धर्मांच्या लोकांसाठी. नियम निघाले मार्च २०२४ मध्ये. २०१५ च्या जानेवारीत आलेला हिंदू त्यात बसत नाही आणि केव्हाही आलेला मुसलमान बसत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, दीर्घ मुदतीचे व्हिसा चालू राहतील असा खुलासा मागाहून आला. मधल्या काळात ज्यांचा अर्ज प्रलंबित होता त्यांनी कसे दिवस काढले असतील याची कल्पना बेलापूरच्या आईबापांना आता करता यावी. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या ब्रिटिशकालीन परकीय नागरिक कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली आहे. परकीयाने कोठे राहावे व कोठे जाऊ नये हे सरकारने ठरवण्याची जुनी वृत्ती नव्या कायद्यातही अबाधित आहे.

ज्यांना कोणताही अर्ज करण्याची गरजच नाही अशा आपल्या नागरिकांनाही आपण प्रलंबित करून टाकू लागलो आहोत. जून २०२५ मध्ये मिरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका मजुराला बांगलादेशी समजून पोलिसांनी उचलले. कुटुंबाने व तेथील प्रशासनाने कागदपत्रे पाठवली तरी त्याला सीमेपलीकडे ढकलण्यात आले. पश्चिम बंगाल सरकारने धावाधाव केल्यावर काही दिवसांत तो आणखी काही मजुरांसह परत आला. त्याचा अपराध एवढाच की तो बंगाली बोलत होता आणि मुसलमान होता. आधार कार्ड दाखवून विमानतळाच्या दारातून आत जाता येते. पोलीस ठाण्यात मात्र तेच कार्ड नागरिकत्वाचा पुरावा नव्हे असे सांगितले जाते, आणि कायद्याच्या अक्षरानुसार ते खरेही आहे. मग पुरावा कोणता, हे कोणी सांगत नाही. नवी मुंबईतील इमारतींच्या परांच्यांवर मालदा-मुर्शिदाबादचे हात आहेत, हे येथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

देशातल्या देशात प्रवासाचा हक्क आणि श्रमिकाची प्रतिष्ठा यांचा संबंध आपल्या चळवळीला नवा नाही. दक्षिण आफ्रिकेच्या संघराज्याने १९१३ च्या स्थलांतर कायद्याने हिंदी लोकांना एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाण्यास बंधने घातली. शिवाय करारमुक्त मजुरांवर तीन पौंडांचा कर होताच. त्या वर्षी ६ नोव्हेंबर रोजी गांधीजींच्या नेतृत्वाखाली दोन हजारांहून अधिक मजूर, त्यांत सव्वाशेच्या वर स्त्रिया व पन्नासहून अधिक मुले, नाताळची सीमा ओलांडून ट्रान्सवालमध्ये शिरले. बहुतेक न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणीतले होते. त्यांच्याकडे परवाने नव्हते, आणि परवान्याविना चालणे हाच त्यांचा सत्याग्रह होता. पुढच्या वर्षी तीन पौंडांचा कर रद्द झाला. अमेरिकेतही १९४१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरिबांना राज्यात आणण्यास मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा रद्द केला; मेहुण्याला टेक्सासहून गाडीत घालून आणले एवढ्यासाठी एका माणसाला शिक्षा झाली होती. ज्या देशाच्या न्यायालयाने हे सांगितले त्या देशाच्या विमानतळावर आज याद्या फिरतात.

आपल्या संविधानाने संचाराचे स्वातंत्र्य एकोणिसाव्या अनुच्छेदात नागरिकांना दिले, जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण मात्र एकविसाव्या अनुच्छेदात प्रत्येक व्यक्तीला दिले. या दुसऱ्या शब्दावर उभे राहून पक्षाने काही मागण्या पुढे रेटल्या पाहिजेत. दीर्घ मुदतीच्या व्हिसावरील व्यक्तीला तिच्या राज्यापुरती नव्हे तर देशभर संचाराची मुभा असावी. फार तर तिने पत्ता कळवावा. नागरिकत्वाच्या अर्जाला धर्म न पाहता निश्चित मुदत असावी, आणि मुदतीत निर्णय न झाल्यास अर्जदाराचे चालू हक्क आपोआप पुढे चालावेत. न्यायालयाच्या आदेशाविना कोणालाही सीमेपलीकडे ढकलू नये. विमान कंपन्यांच्या प्रवासी याद्या आणि ‘डिजी यात्रा’तील चेहऱ्यांची नोंद यांचा सुरक्षा तपासणीखेरीज अन्य कामासाठी वापर होणार नाही अशी तरतूद कायद्यातच हवी; डिसेंबर २०२२ पासून सुरू झालेली ही व्यवस्था विमानतळांच्या भागीदारीतील एक कंपनी चालवते, तेव्हा आश्वासनांवर भिस्त ठेवून चालणार नाही. परराष्ट्र खात्यानेही अमेरिकेशी बोलताना व्यापारकराच्या आकड्यांबरोबर तेथील आपल्या कामगारांच्या परवान्यांच्या मुदतीचा विषय काढावा.

उल्हासनगर व नागपूर येथील कार्यकर्त्यांनी दीर्घ व्हिसावरील कुटुंबांचे अर्ज कोणत्या तारखेपासून कोठे अडले आहेत याची नोंद घेण्यास आरंभ करावा. जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवण्यासाठी ती उपयोगी पडेल. नवी मुंबईतील शाखांनी बेलापूर, खारघर, पनवेलच्या मजूर नाक्यांवर बंगाली व हिंदीत एक पत्रक वाटावे: पोलिसांनी नेले तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे बंधनकारक आहे, आणि त्या वेळेत कोणत्या वकिलाला फोन करायचा. ज्या आईबापांची मुले न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये अर्जाची वाट पाहत बसली आहेत त्यांनाही या पत्रकाच्या छपाईसाठी वर्गणी मागावी.